बाब क्रमांक एक्केचाळीस

शेरेकाकांनी आपल्या सख्ख्या सासऱ्यांचं विमान भंगारात काढलं, आणि तेही ऑफिसच्या वेळेत, शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात. यातलं शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. अक्षर गिचमिड असतं तर कानावर हात तरी ठेवता आले असते.

शेरेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क, आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेवर त्यांनी एकदा 'पाहिले. उपस्थित राहण्यास हरकत नाही' असं लिहून खाली सही केली होती. पत्रिका पुतणीच्या लग्नाची होती, त्यामुळे भावाने दोन वर्षं अबोला धरला, पण तो विषय वेगळा.

तर झालं असं, की वरून एक परिपत्रक आलं. जलाशयाच्या काठावर पडलेल्या निरुपयोगी वस्तूंची यादी करा, तीन महिन्यांनी लिलाव. चौकीदाराने तोंडी चाळीस वस्तू सांगितल्या: फुटक्या होड्या, गंजके नळ, तळ गेलेल्या बादल्या. मग डोकं खाजवत म्हणाला, "आणि साहेब, उताराशी एक मोठी वस्तू आहे." कसली म्हणून काकांनी विचारलं, तर म्हणाला, "मोठी." आता खरं तर माणसाने उठून बघून यायला हवं होतं. जलाशय ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. पण खिडकीसमोर कपाट होतं आणि कपाट हलवायला वेगळी परवानगी लागायची. म्हणून काकांनी बसल्या जागी लिहिलं: 'बाब क्रमांक एक्केचाळीस. लोखंडी भंगार. आकार मोठा. उपयोग शून्य.' सही, तारीख, शिक्का.

दिवसभरात मारलेला एखादा झकास शेरा रात्री जेवताना घरच्यांना ऐकवायची काकांना सवय होती. घरचे म्हणजे बायको आणि सासरे. सासरे चार वर्षांपूर्वी राहायला आले होते. वय त्र्याऐंशी, पाठ ताठ, पण बोलताना गाडी मध्येच दुसऱ्या रुळावर जायची. कधी ते काकांना 'जावईबापू' म्हणायचे, कधी 'कॅप्टन'. काकांनी दोन्हीला ओ द्यायचं ठरवून टाकलं होतं.

"उताराशी?" सासऱ्यांचा हात ताटातच थांबला. "पोट खाली, पंख वर?"

"पंख कसले, बाबा? भंगार आहे," काका म्हणाले.

"काय लिहिलंस? परत वाच."

काकांनी उत्साहाने परत म्हणून दाखवलं. सासरे उठले. हात धुतले, कोट चढवला आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. "लोखंडी?" ते भिंतीला म्हणाले. "थोरली लोखंडी?"

आता ही थोरली काकांना चांगली माहीत होती. म्हणजे, त्यांना तसं वाटत होतं. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं सासऱ्यांच्या तोंडी थोरलीचं नाव. थोरलीला वाऱ्याचा त्रास व्हायचा, थोरली सकाळी लवकर सुरू व्हायची नाही, थोरलीचं पोट फार जपावं लागायचं. कुणीतरी नाजूक प्रकृतीची आत्या असणार अशी समजूत करून घेऊन काका दर वेळी अर्ध्या कानाने ऐकत आणि शेवटी सहानुभूतीने विचारत, "मग आता बऱ्या आहेत ना?" सासरेही "हो, काठावर आहे" म्हणत. काकांना वाटायचं, असेल बिचारी शेवटच्या घटका मोजत.

ती विमान होती. पाण्यावर उतरणारं, पाण्यावरूनच उडणारं, पोट होडीचं आणि पंख विमानाचे, आणि हवी तेव्हा जमिनीवर यायला पोटाच्या बाजूंना दुमडती चाकं. पन्नास वर्षांपूर्वी याच जलाशयावर ती टपाल घेऊन उतरायची. सासरे तिचे मिस्त्री. अशा दोघी होत्या. धाकटी कधीच मोडीत गेली, कंपनी बंद पडली, थोरली उतारावर राहिली आणि जमिनीबरोबर आपोआप पाणीपुरवठा खात्याची झाली.

"माझ्या सख्ख्या बहिणीसारखी ती," बायको थंडपणे म्हणाली. "लहानपणी मला ताप आला तरी बाबा आधी तिला बघायला जायचे. मी दिवसरात्र तिचा हेवा केलाय. पण म्हणून मी तिला भंगारात नाही काढली." एवढं बोलून तिने काकांशी बोलणं बंद केलं. अगदीच काही सांगायचं असेल तर वडिलांमार्फत. "बाबा, त्यांना सांगा, आंघोळीचं पाणी तापलंय." सासरे अर्धा वेळ 'त्यांना' म्हणजे कुणाला ते विसरायचे आणि जिन्यात भेटेल त्या माणसाला आंघोळीचं बोलावणं द्यायचे. इमारतीत काकांची इतकी नाचक्की आधी कधी झाली नव्हती.

काकांनी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. आपलीच यादी, आपणच एक ओळ खोडावी, कोण विचारतंय? पण यादी वरच्या कचेरीत पोचली होती. तिथून उत्तर आलं: 'हेडक्लार्क यांच्या स्वाक्षरीचा शेरा अत्यंत सुस्पष्ट असल्याने फेरविचाराची आवश्यकता वाटत नाही.' एकवीस वर्षांच्या नोकरीत कुणी काकांच्या लिखाणाचं कौतुक केलं ते हे पहिलंच. मात्र परिपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक वाट होती. 'जलाशयातील नोंदणीकृत नौका वगळून.' म्हणजे थोरलीची नौका म्हणून नोंद झाली तर ती वाचणार होती. नाहीतर तीन महिन्यांनी तिचे तुकडे.

नौका नोंदणीच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला. "याला पंख आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, पण पोट होडीचं आहे."

"पोट मी नंतर बघेन. पंख दिसले की आधी विमान कचेरीचा दाखला. विमान नसल्याचा."

विमान कचेरीतल्या गृहस्थांनी फोटो उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला. "विमान नसल्याचा दाखला आम्ही देत नाही. विमान असलं तर नोंद करतो, मोडलं तर नोंद रद्द करतो. तुमची नोंद आहे?"

"नाही."

"मग रद्द काय करू? आधी नोंदवा."

"नोंदवायला काय लागतं?"

"उडवून दाखवावं लागतं."

"अहो, ती उडत असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

"ते मला काय माहीत? उडत आला असता," गृहस्थ म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की त्यांनी काकांना चहा पाजला. काका पाच वेळा गेले. पाच चहा झाले. सहाव्या खेपेला गृहस्थांनी हात टेकले आणि एका कागदावर लिहून दिलं, 'सदर वस्तू उडत नाही.' एवढंच. काकांनी तो शेरा वाचला आणि त्यांना आतून भरून आलं. असं लिहिणारी माणसं अजून सरकारी नोकरीत आहेत!

बाईंनी कागद फाइलला लावला. "उडत नाही हे कळलं. तरंगते का? गुरुवारी अकरा वाजता मी येते. एक तास पाण्यात, मी आत बसून बघणार. लिलावाच्या आदल्या दिवशीचा गुरुवार मिळेल, बाकीचे भरलेत." कसले भरले होते देव जाणे. कचेरीत काकांशिवाय कधी कुणी दिसलं नव्हतं.

तोपर्यंत काम सुरू झालं होतं. काम म्हणजे दर रविवारी काका, सासरे आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना कुणी बोलावलं नव्हतं. पण गोष्ट इमारतीत पसरली तशी सल्ल्यांची रीघ लागली होती, त्यात हे एकटेच प्रत्यक्ष आले. बाकीच्यांनी घरूनच मदत केली. तळमजल्यावरचे पूल बांधणारे इंजिनीअर म्हणाले, तळाला सिमेंट घाला, शंभर वर्षं बघायला नको. समोरच्या निवृत्त बाई म्हणाल्या, विमान राहू द्या, आधी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. एकाने तर पंख काढून टाका म्हणजे नोंदणीचा प्रश्नच मिटेल असं सुचवलं. ते सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्या गृहस्थाच्या दारासमोर उभं राहून, आवाज न चढवता, दहा मिनिटं त्याचा उद्धार केला.

थोरलीपाशी पहिल्यांदा गेले तेव्हा काका बघतच राहिले. एवढी मोठी, एवढी देखणी वस्तू, आपण या ऑफिसात आल्यापासून बारा वर्षं, आपल्या कपाटाच्या मागे उभी होती! रंग उडाला होता, खिडक्या आंधळ्या झाल्या होत्या, शेपटीच्या पोकळीत चौकीदाराची कोंबडी अंड्यावर बसली होती. सासऱ्यांनी तिच्या नाकावरून हात फिरवला. मग दारातून आत शिरले, पोटात उतरले आणि गुडघ्यांवर बसून काहीतरी चाचपायला लागले. तासभर तेल घालत, ठोकत, शिव्या देत बसले. आणि अचानक थोरलीच्या पोटाखालून पाण्याची एक धार लागली. मग दुसरी. अशा सात. कित्येक वर्षांचं साठलेलं काळं पाणी उतारावरून जलाशयात गेलं. सासरे बाहेर आले ते चिखलाने माखलेले, पण चेहरा असा की डबा घेऊन आलेल्या बायकोने, म्हणजे त्यांच्या मुलीने, तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी हातातली सात पितळी बुचं पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"काठावर आली की आधी बुचं काढायची. कंपनीला टाळं लागलं तेव्हा मला काढूच दिली नाहीत," ते म्हणाले. "पोट रिकामं राहिलं पाहिजे. आणि बुचं मिस्त्रीच्या खिशात. उतरायच्या वेळी कॅप्टनने तोंडाने मागायची, मिस्त्रीने हातात मोजून द्यायची. मागितल्याशिवाय द्यायची नाहीत. म्हणजे विसर पडत नाही. कळलं?"

"हो हो, बाबा," काका म्हणाले. त्या वेळी ते कोंबडीशी झटापट करत होते.

डॉक्टरांनी पोटाची तपासणी केली. हातात छोटा आरसा आणि टोकदार सळई. "बरीच कीड आहे," ते म्हणाले. "इथे भरावं लागेल, इथे भरावं लागेल, इथे टोपी बसवू." प्रत्येक भोक त्यांनी असं काही साफ केलं आणि बुजवलं की बाजारातून बोलावलेला पत्रेवाला पिशवी न उघडताच बघत बसला. शेवटी ते त्या सात भोकांपाशी आले. एकसारखी, गोल, ओळीत. डॉक्टरांनी सळई पुढे केली आणि सासऱ्यांची काठी त्यांच्या मनगटावर बसली.

"ही माझी," सासरे म्हणाले.

भांडण नको म्हणून काकांनी वही काढली आणि शेरा मारला: 'सात भोके. जबाबदारी: सासरे.'

या वहीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच आहे. काढलेल्या प्रत्येक सुट्या भागाला काका नंबर देत, चिठ्ठी बांधत, वहीत नोंद करत. एकशे अठ्ठावन्न नोंदी झाल्या. अडचण एवढीच, की ज्या रविवारी काका कचेऱ्यांच्या अर्जांत गुंतलेले असत त्या रविवारी डॉक्टर स्वतःच्या पद्धतीने नंबर देत. वर उजवीकडे तिसरा, खाली डावीकडे सहावा, असं. आणि सासरे दोन्ही नंबरांकडे ढुंकून न बघता हाक मारत, "अरे, तो तिचा कोपर आण!" काका एक आणत, डॉक्टर दुसरा आणत, सासरे दोघांकडे अशा नजरेने बघत की दोन सुशिक्षित माणसांना आपापली शिक्षणं वाया गेल्यासारखी वाटत. घरी जेवतानाही वाद. बायको म्हणायची, "बाबा, त्यांना सांगा, माझ्या जेवणाच्या टेबलावरून पंखाची दांडी उचला." सासरे म्हणायचे, "कॅप्टन, दांडी." काका उचलायचे. कॅप्टन ही बढती त्यांना हळूहळू आवडायला लागली होती, पण ते कबूल करायचे नाहीत.

बायको रोज सकाळी वडिलांचा कोट झटकताना खिशाचं वजन बघून सुस्कारा टाकायची. दोन वेळा खिसा फाटला, दोन वेळा तिने शिवला. बुचं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली तर सासरे ड्रॉवर उघडून परत खिशात घालत. "वय झालं," काका डॉक्टरांना हळूच म्हणाले. डॉक्टरांनीही समजुतीने मान हलवली.

शेवटच्या रविवारी जोडणी पूर्ण झाली, आणि एक वस्तू उरली.

तीन पायांचं एक लोखंडी कडं. काकांच्या वहीत नाही, डॉक्टरांच्या यादीत नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. विमानातून उरलेली वस्तू! ती नेमकी कशाला धरून ठेवत होती? पंखाला? शेपटीला? दोघांनी सोमवारपासून बुधवारपर्यंत थोरली नखशिखान्त तपासली. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. काकांनी किरकोळ रजा टाकली. सासरे म्हणाले, "ते हिचं नाही. हिच्या अंगात असलं लोखंड नाहीच." पण लोखंड या विषयावर ते मुळातच हळवे आहेत म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

बुधवारी संध्याकाळी काकांनी वहीवर शेवटची नजर फिरवली. एकेका नोंदीपुढे बरोबरची खूण. नाक, बरोबर. डावा पंख, बरोबर. सात भोके, जबाबदारी सासरे. काका क्षणभर थांबले. जबाबदारी दिलेली आहे, कुणाची ते स्पष्ट लिहिलेलं आहे, नोंदीत काहीही अपुरं नाही. त्यांनी खूण केली आणि परत त्या कड्याच्या काळजीत पडले.

गुरुवारी अकराला बाई आल्या. हातात फॉर्म, खांद्याला छत्री, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला ते त्यांनी सांगितलं नाही. अर्धी इमारत काठावर जमली होती. इंजिनीअर सिमेंट घातलं का म्हणून विचारून गेले. खात्याचा टँकर उताराच्या वर उभा होता, थोरली दोराने त्याला बांधलेली. टँकर हळूहळू मागे येणार आणि थोरली आपल्या चाकांवरून पाण्यात उतरणार, असा बेत. सासऱ्यांना बायकोने छत्रीखाली खुर्ची मांडून दिली. ते सकाळपासून इस्त्रीचा कोट घालून तयार होते. काका जवळून गेले तसे ते अर्धवट उठले. "कॅप्टन."

"बाबा, तुम्ही बसा बरं स्वस्थ. धावपळ नको."

"पण मला विचारलं नाही अजून."

"सगळं विचारून झालंय, बाबा. तिन्ही कचेऱ्यांना विचारलं."

सासरे बसले. हात खिशात.

काका पुढच्या सीटवर, बाई मागे. डॉक्टरांनी टँकरवाल्याला हात केला. थोरली सरकली, घरघरली, पाण्याला टेकली, आणि काय सांगू, तरंगली! दोर सैल पडला आणि ती छातीइतक्या पाण्यावर हलकेच डोलायला लागली. काठावर टाळ्या पडल्या. काकांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती बघत होती, पण विमानाकडे. तरीही काकांचा जीव भांड्यात पडला. ते आता फक्त त्या तीन पायांच्या कड्याच्या आवाजाची वाट बघत होते. कुठे काही खडखडलं, निखळलं, तर कळेल.

"तुमच्या नौकेत साधारण किती पाणी असतं?" बाईंनी मागून विचारलं.

"कुठे?"

"माझ्या चपलांत."

काकांनी खाली पाहिलं. पाणी स्वच्छ, शांत, आणि वर येणारं. "थोडं असायचंच," ते म्हणाले.

"आता घोट्यापर्यंत आहे. फॉर्ममध्ये घोटा लिहू?"

"जरा थांबू या."

"आता पोटरी."

बाईंनी शिट्टी वाजवली. ती कशाला होती ते तेव्हा सगळ्यांना कळलं. काठावर एकच गोंधळ. डॉक्टर ओरडत होते, "माझं एकही भरलेलं निघालेलं नाही! मी छातीठोकपणे सांगतो!" इंजिनीअर ओरडत होते, "सिमेंट!" टँकरवाल्याने दोर ओढला. पोटात पाणी भरलेली थोरली कशीबशी चार हात मागे आली, मागचं अंग उताराच्या कडेला गुडघाभर पाण्यात रुतलं आणि तिने आणखी मागे यायला साफ नकार दिला. नाक अजून खोल पाण्यात, हळूहळू खाली जाणारं. काकांनी बाईंना हाताला धरून दाराशी आणलं. बाई उतरल्या, फॉर्म डोक्यावर धरून. मागून काका. चष्म्यावर पाणी, खिशातली वही भिजून लगदा, आणि समोर इमारतीतली यच्चयावत माणसं. एवढ्यात चौकीदार धावत आला. काकांना वाटलं, आधाराला आला. त्याने काठावर ठेवलेलं तीन पायांचं कडं उचललं.

"साहेब, ही माझ्या चुलीची तिवई. दीड महिना शोधतोय!"

काका मटकन पाण्यातच बसले. मग उरलेलं काही नव्हतंच. मग कमी काय होतं? त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी पत्रेवाल्याकडे पाहिलं. उद्या लिलाव. नोकरीच्या एकविसाव्या आणि संसाराच्या बाविसाव्या वर्षी आपण नक्की काय चुकलो तेच त्यांना कळेना. रडू येतंय की काय असं वाटून त्यांनी तोंडावर पाणी मारून घेतलं.

"अहो," कुणीतरी म्हणालं.

तीन महिन्यांनी ऐकलेला तो शब्द. बायको पाण्याच्या कडेला उभी होती. आवाज चढलेला नव्हता. "बाबांना विचारलंत का?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. एवढा गलका चालला होता, पण सासरे जागचे हलले नव्हते. पाठ ताठ, डोळे थोरलीवर, ओठ घट्ट, उजवा हात कोटाच्या खिशात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात खिशातून काढला नव्हता. नियम म्हणजे नियम. पन्नास वर्षांत त्यांनी मागितल्याशिवाय दिली नव्हती.

काका उठले. ठिबकत ठिबकत उतार चढून खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. बावीस वर्षं अर्ध्या कानाने ऐकलेलं सगळं आठवायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "बुचं?"

सासरे उभे राहिले. काकांचा तळहात उलगडून त्यावर एकेक बूच ठेवत त्यांनी मोजलं. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात." मग काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "एवढा वेळ लावतात का, कॅप्टन? बुडाली असती ना पोरगी."

"चुकलं, बाबा."

"चौथं उलट्या आट्यांचं आहे. तुला जमायचं नाही. चल."

बायको नको नको म्हणत असताना सासरे कोटासकट गुडघाभर पाण्यातून गेले आणि थोरलीच्या पोटात शिरले. काका मागोमाग. आत अंधार, कमरेपर्यंत पाणी. सासरे नुसत्या बोटांनी चाचपत होते. "दे. हं. दे." काका एकेक बूच हातात देत होते. एरवी स्वतःच्या खोलीचा दिवा कुठे लागतो ते विसरणारा माणूस, पण इथे बोटं चुकत नव्हती. चौथ्याला ते उलटे फिरले आणि आपल्याशीच हसले. सातवं बसल्यावर म्हणाले, "ओढ पाणी." टँकरचा पंप चालू झाला, पाईप आत आला, आणि अर्ध्या तासाने थोरली नाक वर काढून आपली आपण पाण्यावर आली. पाणीपुरवठा खात्याच्या इतिहासात टँकरने पाणी बाहेर काढल्याची ही पहिलीच वेळ असावी.

बाई परत आत बसल्या. घड्याळ लावून एक तास. या वेळी पुढच्या सीटवर सासरे होते, काका त्यांच्या शेजारी. सासरे मधूनच हात लांब करून कुठलीशी बंद पडलेली कळ फिरवत, मान हलवत. तास संपल्यावर बाईंनी ओला फॉर्म मांडीवर पसरला. 'पाण्यातील वर्तणूक' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आधी बुडाली. नंतर तरंगली.' मग काकांना म्हणाल्या, "मला पंखांबद्दल शंका होती. पण विमान असतं तर पडलं असतं. ही बुडत होती. म्हणजे माझ्याच खात्याची." आणि शिक्का मारला.

काका त्याच ओल्या कपड्यांत ऑफिसात गेले. नोंदणीची प्रत जोडून त्यांनी वरच्या कचेरीला लिहिलं, 'बाब क्रमांक एक्केचाळीस वगळावी. वस्तू लोखंडी नसून अ‍ॅल्युमिनियमची आहे.' नोंदणीपुढे या दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती, पण सासऱ्यांनी ते लिहिल्याशिवाय घरी येऊ नको असं बजावलं होतं.

संध्याकाळी थोरलीला परत उतारावर आणलं. गर्दी पांगली होती. सासरे पोटात शिरले, सातही बुचं काढली, पुसली, आणि सवयीने हात खिशाकडे नेला. तो तिथेच थांबला.

"जावईबापू," ते म्हणाले. कॅप्टन नाही म्हणाले. "मला हल्ली सुधरत नाही. सकाळी मला वाटत होतं, तू मागितलीस आणि मी दिली. मग वाटलं, नाही मागितलीस. मग वाटलं, हे कालचं आहे की पन्नास वर्षांपूर्वीचं? असं व्हायला लागलं की मिस्त्रीने बुचं ठेवू नयेत. तू ठेव."

"बाबा, पण मी तर..."

"तू लिहून ठेवतोस. आणि आता मागायलाही शिकलास." त्यांनी सातही बुचं काकांच्या ओल्या कोटाच्या खिशात टाकली. खिसा तिथल्या तिथे फाटला. बायकोने सुई-दोरा काढला. तिने तो सकाळीच बरोबर आणला होता. "उभे राहा सरळ," ती म्हणाली, थेट काकांनाच, आणि अंगावरच्या अंगावर खिसा शिवायला लागली.

वहीचा लगदा काकांनी घरी आणून वाळत घातला होता. बरीचशी पानं गेली, पण एक वाचता येत होतं. जेवायच्या आधी काकांनी पेन काढलं. 'सात भोके. जबाबदारी: सासरे.' त्यातला शेवटचा शब्द त्यांनी एका रेघेने खोडला, वर 'जावई' असं लिहिलं, आणि खाली सही करून तारीख टाकली.